गाडी बोलते तोवर

कवितेवर बोला, असं मला सुचवण्यात आलं होतं. मी म्हटलं, कवितेवर बोलणारे पुष्कळ आहेत, मला पाट्यांवर बोलू द्या. समोरच्या साहेबांना वाटलं, दुकानांवरच्या पाट्या. त्यांना विषय आवडला. मग मला खुलासा करावा लागला, की मोटारीच्या मागच्या चाकांजवळ लोखंडी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान असते, तिच्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा, आणि मी त्याविषयी बोलणार आहे. साहेब जरा खट्टू झाले. पण माणूस भला, नको म्हणाले नाहीत.

त्याचं असं आहे, मी मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहायला लागलो, ते सगळं नंतरचं. त्याआधीची सात-आठ वर्षं मी गाडीखाली पोतं अंथरून झोपत होतो आणि अब्बांच्या हातात पाने देत होतो. तेरा नंबर मागितला की तेराच द्यायचा. बारा दिला तर पाना परत यायचा, तोही जरा जोरात.

आमचं गाव मिरज. दवाखान्यांचं गाव. अथणी, कागवाड, रायबाग, चिकोडी या भागातले लोक तेव्हाही मिरजेलाच उपचाराला येत आणि आजही येतात. अब्बांकडे चार हात फिरून आलेली प्रीमियर पद्मिनी होती. नाव पद्मिनी, पण सगळे तिला फियाटच म्हणायचे. स्टेअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे बसायला सलग बाकडं. मुंबईत याच गाड्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून कित्येक वर्षं धावल्या आणि ऑक्टोबर २०२३मध्ये तिथल्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. आमची फियाट त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली. पण तोवर तिनं आमचं घर चालवलं.

अब्बांचं मुख्य काम पेशंट घरी पोचवण्याचं. येताना लोक एसटीनं, बैलगाडीनं, कशानंही येत. जाताना मात्र पोटाला ताजे टाके असत. त्या बाईला किंवा माणसाला एसटीत कोण बसवणार? मग कुणीतरी सांगायचं, त्या चाचांची फियाट बघा, गाडी मऊ आहे. गाडी मऊ आहे, हीच आमची जाहिरात आणि हीच आमची भाकरी. खड्डा आला की पेशंटची बायको किंवा आई उशी पोटावर दाबून धरायची आणि आरशातून अब्बांकडे बघायची. अब्बा म्हणायचे, ती नजर चुकवता येत नाही. म्हणून फियाटच्या इंजिनाकडे दुर्लक्ष झालं तरी चालेल, पण तिचे पाटे, स्प्रिंगा, शॉकअप आणि रबरं यांच्याकडे दर रविवारी बघायचंच, असा आमच्या घरचा नेम होता.

आता थोडं समजून घेऊ. गाडी मऊ असणं म्हणजे नेमकं काय? खड्ड्यातून गेलेलं चाक वर उसळतं. ती उसळी गाडीच्या अंगाला जशीच्या तशी पोचू नये म्हणून मध्ये स्प्रिंग असते. फियाटला पुढे गुंडाळीची स्प्रिंग होती, मागे पाट्यांची कमान. स्प्रिंगेचा नियम सोपा आहे, वजन दुप्पट केलं की ती दुप्पट दबते. हा नियम इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूकनं शोधला आणि १६७६ साली तो चक्क एका कोड्यात छापला. लॅटिन वाक्यातली अक्षरं सुटी करून, क्रमानं लावून दिली. शोध दुसऱ्यानं पळवू नये आणि पहिला मान मात्र आपला राहावा, हा हेतू. दोन वर्षांनी, १६७८मध्ये त्यानं कोडं सोडवून सांगितलं. कवींनाही दुर्बोध म्हणतात, पण अर्थ सांगायला दोन वर्षं थांबण्याइतका धीर आमच्यातल्या कुणात नाही.

नुसती स्प्रिंग असून भागत नाही. दाबून सोडलेली स्प्रिंग वरखाली होतच राहते. तिला आवरण्याचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं आणि दट्ट्याला बारीक भोकं असतात. गाडी हलली की तेल त्या भोकांतून जबरदस्तीनं जातं, हलण्याचा जोर उष्णतेत बदलतो आणि गाडी शांत होते. म्हणून खराब रस्त्यानं दहा-पंधरा किलोमीटर आल्यावर शॉकअपला हात लावून बघा. चालू असलेला कोमट लागतो, मेलेला गार लागतो. हात जपून लावा, जवळच सायलेन्सरचा पाइप असतो. दुसरी परीक्षा तुम्ही पाहिली असेल. बॉनेटचा कोपरा अंगाचा भार देऊन दाबायचा आणि सोडायचा. गाडी वर येऊन जागेवर बसली तर ठीक. पाळण्यासारखी दोन-तीन झोके घेत राहिली तर शॉकअप गेला. बऱ्याच गाड्यांचं अंग स्प्रिंगांवर मिनिटाला साठ ते नव्वद वेळा डोलतं आणि माणसाला ही गती सोसते. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडीही साधारण याच चालीनं चालते. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का, मी सांगू शकत नाही. पण अंजनी, पादाकुलक असले शब्द कानावर पडण्याच्या आधी लय म्हणजे काय हे मी फियाटच्या बॉनेटवर हात ठेवून शिकलो.

आता घरगुती दुरुस्त्यांकडे येतो. मी त्यांचा अभिमानी आहे. नवा सुटा भाग परवडत नाही म्हणून माणूस डोकं चालवतो, यात लाजण्यासारखं काही नाही.

आमची पहिली तक्रार असायची ती कुईकुई. पाटे एकमेकांवर घासतात, मध्ये माती आणि गंज जातो आणि गाडी प्रत्येक गचक्याला कण्हायला लागते. बरेच ड्रायव्हर काय करत, इंजिनातून काढलेलं काळं जळकं ऑइल ब्रशनं पाट्यांवर थापत. आवाज बंद. पण ते ऑइल ओघळून पाट्यांच्या टोकांना असलेल्या रबरी बुशांवर जातं. खनिज तेलात रबर फुगतं, मऊ पडतं आणि शेवटी साखरेच्या पाकात बुडवलेल्या पावासारखं हातात येतं. म्हणजे कुईकुई गेली आणि दोन महिन्यांनी खटखट आली. अब्बा गाडीचं अंग जॅकनं उचलत, चाकं लोंबती ठेवत. मग भार उतरल्यामुळे पाट्यांच्या टोकांना जरा फट पडते. त्या फटीत जुना स्क्रूड्रायव्हर सरकवून तारेच्या ब्रशनं गंज काढायचा, ग्रॅफाइट मिसळलेलं ग्रीस पातळ पट्टीनं आत भरायचं आणि वरचं सगळं फडक्यानं पुसून घ्यायचं. बुशांची कुरकुर असेल तर त्यांना एरंडेल. होय, तेच एरंडेल, जे आमची दादीमा आम्हा पोरांना नाक दाबून पाजायची. एरंडेलानं रबर बिघडत नाही. एके काळी ब्रेकच्या तेलातसुद्धा एरंडेल असायचं, कारण ब्रेकच्या आतली रबरं त्यात टिकत. दादीमाला हे शास्त्र ठाऊक नव्हतं, अब्बांनाही बहुधा नव्हतं. घरात बाटली होती, लावून बघितलं, रबर टिकलं. बाटली संपते कशी, याचा शोध दादीमा कितीतरी दिवस घेत होती.

बुश म्हणजे लोखंडाच्या दोन भागांमध्ये बसवलेली रबरी नळी. ती झिजली की लोखंड लोखंडावर आपटतं. नवी मिळायची, पण कोल्हापूर-सांगलीहून मागवेपर्यंत गाडी उभी. म्हणून आम्ही ती घरी कापत असू. चपलांना टायरचे तळ लावणाऱ्या चांभारमामांकडून ट्रकच्या जुन्या टायरचा जाड तुकडा आणायचा. तोही सुताच्या किंवा नायलॉनच्या थरांचा. पोलादी तारांचा टायर असेल तर कापताना हातही जातो आणि पुढे ती तार आतलं लोखंड कुरतडते. योग्य मापाचा पाइप घ्यायचा, त्याचं तोंड घासून धार काढायची, रबराला साबणाचं पाणी लावायचं आणि पाइप ठोकत ठोकत गोल कापून काढायचा. मध्ये छोट्या पाइपानं भोक. टायरचं रबर मूळच्यापेक्षा कडक, त्यामुळे गाडी जराशी दणकट वाटायची. पण तीन-चार महिने सहज काढायची. खर्च चांभारमामांच्या चहाचा.

इथे एक बारकी गोष्ट सांगतो. ती न कळल्यामुळे नवे, महागडे बुशसुद्धा लवकर जातात. बुशाचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी जमिनीवर, चाकांवर उभी असताना. बऱ्याच गाड्यांतला बुश आत फिरत नाही, तो पिळला जातो. दोन्ही बाजूंनी घट्ट पकडलेल्या रबराचा पीळ म्हणजेच त्याची हालचाल. गाडी जॅकवर, चाकं लोंबती आणि अशा वेळी तुम्ही बोल्ट आवळून टाकलात, तर गाडी खाली उतरवताच रबर पिळलेल्या टॉवेलासारखं होतं आणि तसंच रात्रंदिवस राहतं. मग काही महिन्यांतच फाटतं. आपण दुकानदाराला शिव्या देतो, माल डुप्लिकेट होता म्हणून. माल बरा असतो. आपणच त्याला पीळ देऊन ठेवलेला असतो.

सगळेच प्रयोग साधले असं नाही. एकदा पाटे फार बसले, म्हणजे त्यांची कमान गेली. हे काम पाटेवाल्याचं. तो थंड पाटा ऐरणीवर ठेवून एका ठरावीक चालीनं हातोडे मारत जातो आणि कमान परत आणतो. अब्बांनी ते घरी करायचं ठरवलं आणि सोपं जावं म्हणून पाटा अम्मीच्या कोळशाच्या शेगडीत लाल केला. कमान इतकी देखणी आली की शेजारी बघायला आले. आठव्या दिवशी पाटा पुन्हा सपाट. कारण असं, की पाट्याच्या पोलादाला कारखान्यात आधी पाणी चढवलेलं असतं, म्हणजे तापवून एकदम थंड केलेलं असतं, आणि मग पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. या दोन तापवण्यांत त्याचा सगळा ताठा आहे. आपण तो शेगडीत लाल केला आणि निवांत निवू दिला, की तो साधं लोखंड होऊन बसतो.

दुसऱ्या एकानं आम्हाला ट्रकच्या कमानीतला एक पाटा कापून दिला. हा घाला, जन्मात बसणार नाही. खरंच बसला नाही. पण पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा कडकपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. फियाटची बैलगाडी झाली. पहिल्याच फेरीत एका पेशंटच्या बापानं, मामा माझ्या पोराला खाली उतरवा, मी पाठीवर नेतो, असं म्हटल्यावर अब्बांनी परत येऊन तो पाटा काढून टाकला.

इथवरच्या चुका हसण्यावारी नेण्यासारख्या होत्या. १९८६ सालची चूक तशी नव्हती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मागच्या डाव्या कमानीचा मेन पाटा तडकला. मेन पाटा म्हणजे सगळ्यात वरचा, ज्याच्या दोन्ही टोकांना डोळे वळवलेले असतात आणि ज्याच्यावर सगळी कमान गाडीला टांगलेली असते. नवा पाटा घ्यायला पैसे नव्हते, मोठ्या बहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं. एका ओळखीच्या वेल्डरनं तडा जोडून दिला. काम सुरेख होतं. वरून ग्राइंडर मारल्यावर जोड दिसतही नव्हता. पंधरा दिवस गाडी उत्तम चालली. त्या पंधरा दिवसांत तिनं एकदाही आवाज केला नाही, हे मला नंतर फार आठवायचं.

सोळाव्या दिवशी अब्बा एका बाईला अथणीच्या बाजूला घरी सोडायला निघाले. पोटाचं ऑपरेशन झालेलं, बरोबर तिचा भाऊ. मी सोळा वर्षांचा, सुट्टी होती म्हणून पुढे बसलेलो. कागवाड मागे पडलं. खड्डा फार मोठा नव्हता. एक टणत्कार झाला आणि गाडी आपणहून डावीकडे ओढली गेली. अब्बा स्टेअरिंग उजवीकडे फिरवत होते आणि गाडी ऐकत नव्हती. रस्ता सोडून ती बाभळीच्या दोन झाडांमधून काळ्या चिखलात जाऊन थांबली. पाऊस झाला होता म्हणून चिखल होता आणि चिखल होता म्हणून आम्ही वाचलो. पण त्या अक्काचे टाके उसवले. ऊस वाहणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉलीत कडबा पसरला आणि तिला परत मिरजेला आणलं. आणखी बारा दिवस ती दवाखान्यात होती. अब्बा दोन्ही वेळचा डबा घेऊन जात. तिच्या भावानं त्यांना एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच अब्बांना सोसवत नव्हतं. बिल अब्बांनी भरलं. अम्मीच्या पाटल्या त्यात गेल्या. नव्या मेन पाट्याची किंमत त्या पाटल्यांच्या विसाव्या हिश्श्याइतकीही नव्हती.

काय झालं होतं? पाट्यांची कमान फक्त गाडीचा भार पेलते असं आपल्याला वाटतं. फियाटसारख्या गाडीत ती मागचा आससुद्धा जागेवर धरून ठेवते. कमानीच्या पुढच्या अर्ध्या भागात मेन पाटा तुटला, की त्या बाजूचा आस मोकळा होतो, मागे सरकतो आणि मागची चाकंच गाडी वळवायला लागतात. पुढे बसलेल्यानं कितीही स्टेअरिंग फिरवलं तरी उपयोग मर्यादितच. आणि वेल्डिंग? अब्बांनी चिखलातून तुकडा उचलून पुसून बघितला. जोड शाबूत होता. पाटा तुटला होता जोडाच्या शेजारी, बोटभर अंतरावर. वेल्डरचा हात चांगलाच होता. दोष पाट्याच्या जातीत आहे. त्या पोलादात कार्बन जास्त. वेल्डिंग करताना जोडालगतची जागा भयंकर तापते आणि भोवतालचं गार लोखंड तिची उष्णता झटकन ओढून घेतं. म्हणजे त्या अरुंद पट्ट्याला पुन्हा कडक पाणी चढतं आणि ठिसूळपणा काढणारं दुसरं तापवणं काही होत नाही. तो पट्टा काचेसारखा होतो. पाट्याचं तर कामच वाकण्याचं. काच किती वेळा वाकणार?

शेजारी एक रेल्वेतले फिटर राहायचे. मिरज तेव्हा मोठी गाड्यांची, मीटरगेजची आणि नॅरोगेजची अशी तिन्ही रुळांची जंक्शन होती, रेल्वेची माणसं गल्लोगल्ली. त्या काकांनी तो तुकडा हातात घेतला आणि मला म्हणाले, तुझ्या शाळेतला खडू आण. मग त्यांनी आम्हाला एक जुनी परीक्षा शिकवली. रेल्वेच्या कारखान्यांत आस आणि चाकं तपासायला ही रीत फार वर्षं वापरात होती. पाटा तारेच्या ब्रशनं लख्ख करायचा. त्यावर रॉकेल भरपूर लावून तास-दोन तास ठेवायचं. मग पूर्ण कोरडा पुसायचा, अगदी हाताला वास राहील पण ओल लागणार नाही इतका. वरून खडूची पूड चोळायची आणि हातोडीनं हलकेच टकटक करायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळसर रेघ उमटते. मधल्या बोल्टाच्या भोकाजवळ आणि डोळ्याच्या वळणावर नीट बघायचं, पाटे बहुतेक तिथेच तडकतात. पृष्ठभागापर्यंत न आलेला तडा या रीतीनं दिसत नाही, हे काकांनी बजावून सांगितलं. तरी खडू आणि रॉकेल यांत एवढी मोठी गोष्ट दिसते, याचं मला आजही नवल वाटतं. आम्ही उजव्या बाजूचा मेन पाटा काढून बघितला. त्यावरही रेघ होती.

त्या दिवशी अब्बांनी उरलेल्या खडूनं अंगणातल्या भिंतीवर दोन ओळी लिहिल्या. एका ओळीला नाव दिलं, बोलणारे. दुसरीला, चुप्पे. बोलणाऱ्यांत आले पाट्यांमधलं ग्रीस, रबरी बुश, शॉकअप, शॉकअपची रबरं, मधल्या अस्तराच्या पट्ट्या. हे बिघडतात तेव्हा आधी कुरकुरतात, खटखटतात, गाडी झुलवतात, आठवडेच्या आठवडे तक्रार करतात. यांच्यावर घरी काय हवे ते प्रयोग करावेत, फसले तर गाडी सांगेल. चुप्प्यांत आले मेन पाटा, कमान आसाला बांधणारे यू-बोल्ट, पुढच्या चाकाचा किंगपिन, स्टेअरिंगचे टाय रॉडचे सांधे. हे तुटायच्या आधी काहीतरी पुटपुटतात, पण तेवढं ऐकू येईलच असं नाही. यांना जोड नाही, ठिगळ नाही. नवा घ्या, नाहीतर गाडी उभी ठेवा. अब्बा आमच्या घरच्या बोलीत म्हणायचे, "गाडी जबतलक बोल रही, तबतलक डर नै. चुप बैठी तो डर."

यू-बोल्टांविषयी एक वाक्य घालतो, कारण ते सगळे विसरतात. कमान खोलून बसवल्यावर दोन-चारशे किलोमीटरनं ते पुन्हा आवळायचे. पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट सैल पडतात.

आता गाडीखाली जाणाऱ्याच्या जिवाविषयी. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. आपल्याकडे जॅकच्या जोडीला विटा रचतात. वीट भार सोसते असं वाटतं, कारण घर विटांवर उभं असतं. पण घराची वीट चारी बाजूंनी धरलेली असते आणि भार सारखा पसरलेला असतो. गाडीच्या लोखंडाची धार एका कोपऱ्यावर टेकली की वीट न सांगता फुटते. सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर त्याहून वाईट. म्हणजे विटासुद्धा चुप्प्यांतल्याच. आम्ही रेल्वेच्या जुन्या स्लिपराचे लाकडी ठोकळे वापरत असू. लाकूड तुटण्यापूर्वी कडकडतं. शिवाय काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवायचं, सगळंच घसरलं तरी गाडी चाकावर थांबेल आणि माणसाला वीतभर जागा उरेल. आज बाजारात लोखंडी स्टँड मिळतात. ते घ्या, तिथे काटकसर नको.

गुंडाळीच्या स्प्रिंगेला तर घरी हात लावूच नका. बसवलेली असताना ती दाबलेल्या अवस्थेत असते, गाडीच्या एका कोपऱ्याचा भार तिच्यात साठलेला असतो. आमच्या गल्लीतल्या एका हुशार मुलानं ती बैलाच्या दाव्यानं आवळून बांधली आणि बोल्ट सोडला. दावं तुटलं. स्प्रिंग शेडच्या पत्र्याला भोक पाडून शेजारच्या परसात जाऊन पडली. मुलगा त्या क्षणी पाना उचलायला बाजूला वाकला होता. आजच्या बऱ्याच लहान गाड्यांत पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असतात, तिथे वरचा मधला नट सोडणं म्हणजे हाच प्रकार. तीच गोष्ट शॉकअपची. पूर्वी शॉकअप उघडून तेल बदलून देणारे कारागीर होते. आता पुष्कळ शॉकअपांत दाबाखाली गॅस असतो. त्यांना भोक पाडायला जाऊ नका.

माझ्याकडे आज एक जुनी अल्टो आहे, तीही दोन हात फिरून आलेली. गेल्या वर्षी तिची मागची बाजू बसली, तेव्हा स्प्रिंगेच्या दोन वेढ्यांत मी पोरांचा टेनिसचा चेंडू कोंबून बघितला. ही युक्ती पुष्कळ लोक करतात. गाडी उचलली गेली, पण त्या ठिकाणी स्प्रिंगेला दबायला जागाच उरत नाही, सगळा ताण बाकीच्या वेढ्यांवर जातो आणि दणके पाठीत बसतात. एका लग्नाला जाऊन यायचं होतं, तेवढं जाऊन आलो आणि चेंडू पोरांना परत दिला. तो पुन्हा उसळला नाही, यावरून घरात माझी बरीच शोभा झाली.

गेल्या महिन्यात पुढून मात्र वेगळा आवाज आला. हळू, अधूनमधून, वळताना. गाडी उचलून चाक वरून आणि खालून धरून हलवलं, तर बोटांना किंचित टकटक लागली. बॉल जॉइंट. गाडी तशीच हळूहळू गॅरेजात नेली. तिथला मुलगा चांगला होता, माझी ओढाताण त्यानं ओळखली असावी. म्हणाला, "काका, आत पत्र्याची चकती टाकून दाबून देतो, दीडशे रुपयांत होईल. चार-सहा महिने बघायला नको." मी म्हटलं, बाळा, नवा घाल. त्याला माझ्या आवाजाचं जरा आश्चर्य वाटलं असणार.

घरी आलो तर अम्मी ओसरीत बसली होती. पंच्याऐंशी वर्षांची आहे, ऐकायला कमी येतं, पण गाडी कुठे नेली होती हे तिला बरोबर ठाऊक असतं. विचारलं, "नवा डाल्या क्या?"

म्हटलं, "डाल्या अम्मी."

"फिर ठीक. अब वो अंदर के दरवाजे कू एरंडी लगा. रातभर करकर करता."